स्वतंत्र सल्लागार : कोणापासून स्वतंत्र?

रासायनिक उद्योगांतील कामगारांमध्ये काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो आहे. डोंबिवली, तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम या औद्योगिक वसाहतींच्या आसपास, नोकरी सोडून किंवा नोकरीतून काढले जाऊन, स्वतःच्या हिमतीवर सल्लागाराचा व्यवसाय करणारे रसायनतज्ज्ञ आणि अभियंते आज जागोजागी भेटतात. कोणी सांडपाण्याच्या प्रक्रियेचा जाणकार असतो, कोणी दाबपात्रांचा, कोणी रंगद्रव्यांच्या उत्पादनात पंचवीस वर्षे घालवलेला असतो. या विखुरलेल्या मंडळींचा एखादा संघ चळवळीच्या पुढाकाराने उभा करावा काय, हा तो प्रश्न.

या प्रश्नावर आपल्यात दोन तट आहेत. पहिल्याचे म्हणणे असे की, सल्लागार हा मालकाच्या थैलीवर जगणारा प्राणी आहे; त्याच्या धंद्याची संघटना बांधून देणे हे कामगार पक्षाचे काम नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, संघ अवश्य काढावा, परंतु तो निव्वळ व्यावसायिक ठेवावा, त्यात वर्गसंघर्षाची भाषा आणू नये. नाही तर एकही शहाणा माणूस सभासद होणार नाही. आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. त्यातही दुसरे अधिक घातक आहे, कारण ते सुज्ञपणाचा वेष घेऊन येते.

'निव्वळ व्यावसायिक' संघ म्हणजे काय, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी या व्यवसायाचा इतिहास पाहावा. अमेरिकेत बोस्टन येथे १८८६ साली ग्रिफिन आणि लिटल या दोन रसायनतज्ज्ञांनी कारखानदारांना मोबदला घेऊन सल्ला देण्याचा उद्योग सुरू केला. त्यांपैकी ग्रिफिन १८९३ साली प्रयोगशाळेतील अपघातात मरण पावला. लिटलची पेढी पुढे जगभर पसरली. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये सल्लागार रसायनतज्ज्ञ आणि रासायनिक अभियंते यांची स्वतंत्र संघटनाही निघाली. अशा संघटनांची कार्यपद्धती साधारणपणे ठरलेली असते. सभासदाची पात्रता तपासावयाची, त्याच्या विशेष ज्ञानाची नोंद सूचीत करावयाची, कारखानदाराकडून आलेला प्रश्न त्याचे नाव उघड न करता योग्य सभासदांकडे पोचवावयाचा, आणि पुढचा व्यवहार त्या दोघांवर सोडावयाचा. शिवाय वर्षातून काही सभा, भोजने, नवख्यांना शुल्क कसे आकारावे याचे मार्गदर्शन. यात गैर काहीच नाही. एकट्या माणसाला या साऱ्याची गरज असते आणि हे सारे आपल्या संघालाही करावे लागेल. परंतु या संपूर्ण यंत्रणेत एक प्रश्न कधीच विचारला जात नाही: ज्या कारखान्यासाठी सल्ला द्यावयाचा, त्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला तो सल्ला कळणार आहे की नाही?

हा प्रश्न न विचारण्याची किंमत काय असते, ते भोपाळने दाखवून दिले आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये अश्रफ खान हा कामगार फॉस्जीन वायूने मरण पावला. कामगार संघटनेने आवाज उठवला. मे १९८२ मध्ये कंपनीचेच अमेरिकन अभियंते येऊन पाहणी करून गेले आणि त्यांनी कारखान्यातील गंभीर धोके लेखी नोंदवले. म्हणजे ज्ञान होते. तज्ज्ञांनी आपले काम तांत्रिकदृष्ट्या चोख केले होते. परंतु तो अहवाल ज्याने मागवला त्याच्या कपाटात राहिला. तो जगापुढे आला तेव्हा डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट टाकीतून बाहेर पडून हजारो माणसांचा बळी गेलेला होता. शीतकरण यंत्रणा बंद, वायू धुऊन काढणारा मनोरा सज्ज नाही, ज्वाला-मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला, ही त्या रात्रीची स्थिती सर्वज्ञात आहे.

याहून बोधप्रद आहे तो पुढचा अध्याय. डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी १९८५ च्या अखेरीस जो अहवाल दिला, त्यात इतका घातक पदार्थ एवढ्या मोठ्या टाक्यांतून विनाकारण दीर्घकाळ साठवणे, यंत्रणेची रचना, बांधणीचे साहित्य आणि मापन व इशारा देणारी उपकरणे यांबाबत पुरेशी दक्षता न बाळगणे, या गोष्टींवर बोट ठेवले होते. दोष रचनेचा आणि व्यवस्थापनाचा होता. कंपनीला हे मानवणारे नव्हते. तेव्हा तिने सल्लागार नेमला, आणि तो होता त्याच १८८६ सालच्या पेढीचा वारस, आर्थर डी. लिटल. १९८८ साली लंडनमधील रासायनिक अभियंत्यांच्या परिषदेत त्या पेढीच्या तज्ज्ञाने निष्कर्ष मांडला की, एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. त्या तथाकथित कामगाराला कंपनीने कधीही न्यायालयात उभे केले नाही. पण व्यावसायिक परिषदेत, आकृत्या आणि मुलाखतींचे दाखले देत, दोष मालकाच्या खात्यातून कामगाराच्या खात्यात वर्ग झाला. तो सल्लागार अप्रामाणिक होता असे सिद्ध करण्याची आम्हाला गरज नाही. प्रश्न मांडणारा कोण, कागद पुरवणारा कोण आणि देयक चुकते करणारा कोण, एवढे पाहिले की पुरे. अत्यंत प्रामाणिक माणूससुद्धा एकाच पक्षाच्या दिव्याने शोध घेऊ लागला, तर त्याला तेवढेच दिसते जेवढ्यावर तो प्रकाश पडतो.

भोपाळनंतर आपल्या देशात कायदे झाले. कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले. मालकाने धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला दिली पाहिजे, सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असले पाहिजेत, अशी तत्त्वे कायद्याच्या पुस्तकात शिरली. १९८९ साली पर्यावरण कायद्याखाली घातक रसायनांचे नियम निघाले आणि १९९४ च्या दुरुस्तीने ठरावीक मर्यादेहून अधिक साठा असलेल्या उद्योगांना दरवर्षी 'स्वतंत्र' सुरक्षा तपासणी बंधनकारक झाली. ती त्या उद्योगाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाच्या साहाय्याने करावयाची आणि अहवाल तीस दिवसांत शासकीय अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा. कागदावर हे उत्तम आहे. परंतु हा तज्ज्ञ निवडणार कोण? मालक. त्याचे शुल्क देणार कोण? मालक. पुढील वर्षी त्यालाच बोलवावे की दुसऱ्या नरम माणसाला, हे ठरवणार कोण? पुन्हा मालकच. नियमातील 'स्वतंत्र' या विशेषणाचा अर्थ 'मालकाच्या पगारपत्रकावर नाव नसलेला' एवढाच उरतो. आणि ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत साठा ठेवणारा लहान कारखाना या तपासणीच्या कक्षेतच येत नाही. त्याच्या भिंतीला लागून वस्ती असली तरी नियमाला ती भिंत दिसत नाही.

आता त्यापुढचे पाऊल पडले आहे. २०२० साली संसदेने संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कारखाने अधिनियम तिच्यात विलीन झाला. कारखाना निरीक्षकाचा आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाला आहे, म्हणजे पोलिसाला यजमानाचा सोबती केले आहे. त्याच संहितेत त्रयस्थ पक्षाकडून तपासणी आणि प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. जे काम शासनाचे होते ते क्रमाक्रमाने खासगी तज्ज्ञाकडे जाणार, हा तिचा उघड अर्थ आहे. सल्लागारांशी आपल्याला काय करावयाचे आहे, असे विचारणाऱ्या साथींनी याचा विचार करावा. सुरक्षेची सही ज्या हाताने होणार तो हात आता शासकीय नोकराचा नसून स्वतंत्र सल्लागाराचा असणार आहे. त्या हातावर कामगार चळवळीची पकड नसेल तर ती मालकाची असेल.

डोंबिवलीची उदाहरणे ताजी आहेत. मे २०१६ मध्ये तेथील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात बारा माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. मे २०२४ मध्ये त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट झाला आणि दहाहून अधिक बळी गेले. दुसऱ्या वेळी सुरुवातीच्या बातम्या 'बॉयलर फुटला' अशा होत्या; फुटला होता तो रिअॅक्टर. हा फरक शब्दांचा नव्हे. बॉयलरसाठी १९२३ पासून स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र निरीक्षक आहेत. रिअॅक्टरच्या पोटात काय शिजते आहे हे पाहणारा तसा निरीक्षक कोठेच नाही. तेथे जाणकार हवा असतो तो रसायनाचा.

या जाणकाराने नेमके काय पाहावयाचे असते, हे आपल्या कार्यकर्त्यांनीही समजून घेतले पाहिजे. ते अवघड नाही. लहान भांड्यात शांतपणे होणारी उष्णतादायी प्रक्रिया मोठ्या रिअॅक्टरमध्ये नेली की तिचा स्वभाव बदलतो. रिअॅक्टरचा आकार सर्व बाजूंनी दुप्पट केला तर आतला माल आठपट होतो, उष्णता बाहेर नेणारा पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. म्हणजे प्रत्येक किलो मालामागे थंड करण्याची क्षमता निम्म्यावर येते. अशा वेळी वीज गेली, ढवळणारा पंखा थांबला, थंड पाण्याचा पंप बंद पडला, किंवा घाईत एक रसायन ठरल्यापेक्षा लवकर ओतले गेले, तर तापमान वाढते, वाढत्या तापमानाने प्रक्रियेचा वेग वाढतो, वाढत्या वेगाने पुन्हा तापमान वाढते. ही साखळी तोडण्यासाठी काही मिनिटेच हाती असतात. तेव्हा प्रश्न साधे असतात: वीज गेल्यास जनित्र आपोआप चालू होते काय? दाब मोकळा करणारी झडप या प्रक्रियेसाठी मोजून बसवली आहे की जुन्या मालासाठी बसवलेलीच कायम आहे? गेल्या वर्षी दुसऱ्याच कंपनीचा माल याच रिअॅक्टरमध्ये काढून देण्याचे काम घेतले, तेव्हा त्या प्रक्रियेची उष्णता कोणी मोजली होती काय?

या प्रश्नांची निम्मी उत्तरे रात्रपाळीच्या ऑपरेटरजवळ असतात. पंखा कितीदा अडकतो, तापमापक कधीपासून खोटे आकडे दाखवतो, कोणती झडप तारेने बांधून ठेवली आहे, हे त्याला ठाऊक असते. उरलेली निम्मी त्याला ठाऊक नसतात, कारण पिंपावर सांकेतिक क्रमांक लिहिलेला असतो आणि रसायनाचे नाव 'व्यापारी गुपित' असते. सल्लागाराला दुसरे निम्मे कळते. पहिले निम्मे त्याला कोणी सांगत नाही, कारण त्याची भेट व्यवस्थापकाच्या वातानुकूलित खोलीतून सुरू होते आणि तेथेच संपते. मालकाच्या व्यवस्थेत ही दोन ज्ञाने एकमेकांना भेटू दिली जात नाहीत. ती भेट घडवून आणणे हेच आपल्या संघाचे पहिले काम होय.

आता पहिल्या तटाकडे वळू. सल्लागार मालकाच्या थैलीवर जगतो, हे खरे. पण कामगारही मालकाच्याच थैलीतून वेतन घेतो. म्हणून कोणी त्याला मालकाचा माणूस म्हणत नाही. या 'स्वतंत्र' माणसाची खरी स्थिती पाहावी. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. तीन-चार कारखान्यांकडून महिन्याला मिळणाऱ्या ठोक रकमेवर त्याचे घर चालते. एका कारखान्याविषयी त्याने कडक अहवाल लिहिला की ती रक्कम थांबते. आणि औद्योगिक वसाहतीत मालकांची आपसांत ऊठबस असल्याने उरलेल्याही थांबू शकतात. कारखान्यात पाऊल न ठेवता प्रमाणपत्रे दिली जातात, ही तक्रार कामगारांकडून नेहमी ऐकू येते. ती खरी असेल तेथे त्या माणसाचा धिक्कार जरूर करावा. पण जो माणूस पाऊल ठेवू इच्छितो, खरे लिहू इच्छितो, त्याच्या पाठीशी आज कोण आहे? एकटा कामगार मालकापुढे जसा दुबळा, तसाच हा. कामगाराला आपण संघटनेचा मार्ग दाखवतो आणि याला मात्र सदसद्विवेकबुद्धीचे प्रवचन देतो. ही विसंगती आहे. शिवाय त्याचे ज्ञान काही मालकाने निर्माण केलेले नाही. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागापासून, जो १९३३ साली स्थापन झाला, थेट जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनापर्यंत, या विद्येवर जनतेचा पैसा खर्च झाला आहे. त्यावर जनतेचा हक्क सांगण्यात संकोच कसला?

तज्ज्ञांना नुसती हाक घातल्याने ते धावून येतील, असा भोळा विश्वासही बाळगू नये. ब्रिटनमधील लुकास एरोस्पेस या कंपनीतील कामगार प्रतिनिधींनी, कपातीच्या संकटात, समाजोपयोगी उत्पादनाची पर्यायी योजना आखताना सुमारे १८० नामांकित तज्ज्ञांना आणि संस्थांना पत्रे लिहिली. उत्तरे आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग ते आपल्याच कामगारांकडे वळले, आणि त्यांच्याकडून सुमारे दीडशे उत्पादनांच्या कल्पना गोळा झाल्या. १९७६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या त्या योजनेत उष्णता-पंपापासून मूत्रपिंडाच्या यंत्रापर्यंत वस्तू होत्या. व्यवस्थापनाने ती धुडकावली आणि तिच्या अग्रणींपैकी एक, अभियंता माइक कूली, याला १९८१ साली नोकरीतून काढले. या प्रकरणातून आपल्याकडील काही साथी असा निष्कर्ष काढतात की तज्ज्ञांची गरजच नाही. हे वाचन उथळ आहे. कूली स्वतः तज्ज्ञच होता. फरक इतकाच की तो संघटनेच्या आत होता. आणि त्या योजनेला पुढे ज्या मोजक्या शिक्षणसंस्थांनी प्रत्यक्ष मदत केली, त्या पत्राने नव्हे तर कायमच्या संबंधाने जोडल्या गेल्या होत्या. आपल्या देशात केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९६२ पासून जो मार्ग दाखवला तोही हाच आहे. मात्र तिचा आधार प्रामुख्याने शिक्षक होते, ज्यांचा पगार मालकाकडून येत नव्हता. आपल्याला ज्यांना जोडावयाचे आहे त्यांचा पैसा मालकाकडूनच येतो, आणि अडचण तेथेच आहे.

ही अडचण नियमांनी सोडवावी लागेल, भावनेने नव्हे. मालकांचे काम घेणाऱ्याला संघात प्रवेश द्यावा. तसे न केल्यास संघात फक्त निवृत्त आणि निरुपयोगी माणसे उरतील. मात्र त्याने कोणाकोणाचे काम घेतो हे संघाच्या वहीत नोंदवले पाहिजे आणि ती वही संबंधित कामगार संघटनांना पाहण्यास खुली असली पाहिजे. ज्या मालकाचे पैसे गेल्या तीन वर्षांत घेतले, त्याच्या कारखान्याविषयी कामगारांच्या बाजूने वा तपासणीदार म्हणून त्याने मत देऊ नये. कामगार संघटनेने मागितलेल्या कामाचे शुल्क थेट तज्ज्ञाला न देता संघाच्या निधीत जमा व्हावे आणि तेथून ठरलेल्या दराने दिले जावे. म्हणजे निष्कर्ष आवडला नाही म्हणून शुल्क रोखण्याची सोय आपल्या पुढाऱ्यांनाही राहणार नाही. होय, आपल्याही पुढाऱ्यांना. कामगारांना हवे तसे लिहून देणारा तज्ज्ञ पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो आणि संघटनेची अब्रू घालवतो. म्हणून प्रत्येक अहवालावर त्या शाखेतल्या दुसऱ्या सभासदाची लेखी टीका घेतल्याशिवाय तो बाहेर जाऊ नये. आणि खरा अहवाल लिहिल्यामुळे ज्याची कामे गेली, त्याला काही महिने आधार देण्याइतका आणि अब्रुनुकसानीचा दावा झाल्यास वकील देण्याइतका निधी संघाजवळ असावा. हा निधी नसेल तर बाकीचे सारे नियम कागदावर राहतील.

गुप्ततेच्या प्रश्नावर दुसरा तट सर्वांत अधिक बिथरतो. ग्राहकाचे गुपित न पाळणाऱ्या सल्लागाराला कोण विचारणार, असे ते म्हणतात. उत्पादनाची कृती, उत्प्रेरकाचे प्रमाण, खर्चाचा हिशेब ही गुपिते सल्लागाराने खुशाल पाळावीत. कामगाराला त्यांचे काही करावयाचे नाही. परंतु कोणता पदार्थ विषारी आहे, कोणत्या तापमानाला प्रक्रिया हाताबाहेर जाते, कोणती झडप निकामी आहे, ही माहिती कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही. संघाच्या प्रत्येक सभासदाने काम स्वीकारतानाच्या पत्रात एक वाक्य लिहावे: जीविताला धोका आढळल्यास तो मी मालकाबरोबरच कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधींनाही लेखी कळवीन. जो मालक या वाक्याला हरकत घेईल त्याने आपल्या कारखान्याविषयी पुरेशी माहिती न मागताच दिली, असे समजावे. या वाक्याने काही कामे जातील, हे आम्ही नाकारत नाही. मात्र एकट्याने लिहिले तर ते जिवावर बेतते. वसाहतीतल्या चाळीस सल्लागारांनी लिहिले तर तो त्या व्यवसायाचा रिवाज होतो, आणि मालकाला एक्केचाळिसावा शोधण्यासाठी दूर जावे लागते.

संघ उभा राहीपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. घातक रसायनांच्या नियमांखालील तपासणीचा अहवाल शासनाकडे जात असल्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो मागता येतो. रासायनिक पट्ट्यातील प्रत्येक शाखेने आपल्या भागातील अशा कारखान्यांची यादी करून गेल्या तीन वर्षांचे अहवाल मागावेत. नकार येईल, व्यापारी गुपिताचे कारण पुढे केले जाईल; तेव्हा अपील करावे. जे अहवाल हाती येतील ते त्या त्या खात्यातील ऑपरेटरसमोर बसून वाचावेत आणि कागदावरचे काय जागेवर नाही याची नोंद करावी. एकाच सल्लागाराच्या सहीचे अनेक कारखान्यांचे अहवाल शब्दशः सारखे निघाले, तर ते शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध करावेत. आणि ज्याचा अहवाल खरा निघेल, त्याच्या घरी जाऊन त्याला पहिला सभासद होण्याची विनंती करावी.